सोनोग्राफीचा कागद आणि पोटातले दुखणे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



चिटणीसबाईंनी मला 'स्त्रियांचे आरोग्य' या विषयावर बोलावयास सांगितले होते. विषय एवढा मोठा की, त्यावर तासभर बोलले तरी घरी जाताना तुमच्या पदरात काही पडावयाचे नाही. म्हणून मी त्यातला एक लहानसा कोपरा धरते. एन्डोमेट्रिऑसिस या दुखण्यात सोनोग्राफीचा रिपोर्ट हाती येतो आणि तो वाचून जीव तरी घाबरतो, नाही तर उगाच निर्धास्त होतो. हा कागद कसा समजून घ्यावा, एवढेच आज सांगणार आहे.

नाव अवघड असले तरी दुखणे दुर्मिळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पाळी येण्याच्या वयातील सुमारे दहा स्त्रियांमागे एकीला ते असते. गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखेच पेशीजाल पिशवीच्या बाहेर वाढू लागते. बीजकोशावर, पोटातल्या पातळ पडद्यावर, पिशवीच्या मागे, कधी आतड्यावर वा मूत्राशयावर. तेथे दाह होतो, रक्त साकळते, अवयव एकमेकांना चिकटतात. पाळीत असह्य कळा, शौचाच्या वेळी दुखणे, पतिसंबंधात दुखणे, मूल न राहणे, यांपैकी एखादे किंवा बरीचशी लक्षणे मग दिसतात.

आता रिपोर्टाकडे वळू. सर्वांत अधिक घोटाळा करणारा शब्द म्हणजे 'नॉर्मल'. समजा, एकोणीस वर्षांची मुलगी आहे. दर महिन्याला तिचे दोन दिवस कॉलेज बुडते, उलट्या होतात. आई तिला सोनोग्राफीला नेते. रिपोर्ट येतो, नॉर्मल. घरी आत्याबाई म्हणतात, "बघ, काही निघालं नाही ना? लग्न झालं की सगळं थांबेल." आणि त्या दिवसापासून दुखते म्हणून सांगावयाचीही तिला चोरी होते.

या कागदाने खरोखर काय सांगितले? सोनोग्राफी म्हणजे आवाजाचा पडसाद. कानाला ऐकू न येणाऱ्या लहरी पोटात सोडावयाच्या आणि परत येणाऱ्या पडसादांचे चित्र करावयाचे. ग्लासगोच्या डॉ. इयन डोनाल्ड यांनी पोटातल्या गाठी अशा रीतीने पाहता येतात, हे १९५८ साली प्रसिद्ध केले. गाठ या चित्रात छान दिसते. परंतु पडद्यावर पसरलेले काही मिलिमीटरांचे पातळ ठिपके पडसाद देणार कसे? या दुखण्याचा एक मोठा प्रकार नेमका असाच असतो. तो सोनोग्राफीत सहसा दिसत नाही, एम.आर.आय.मध्येही बहुधा निसटतो. म्हणून मानवी प्रजननाचा अभ्यास करणाऱ्या युरोपीय तज्ज्ञसंस्थेने २०२२ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे की, तपासणीत काही दिसले नाही म्हणजे एन्डोमेट्रिऑसिस नाही असे ठरत नाही. लक्षणे पाहून औषधोपचार सुरू करता येतात; केवळ निदानासाठी प्रत्येकीने दुर्बिणीचे ऑपरेशन करून घेतलेच पाहिजे, असेही आता मानीत नाहीत.

दुसरी गोष्ट, तपासणी कोणत्या वाटेने झाली ते पाहावे. रिपोर्टाच्या वरच्या भागात 'टी.ए.एस.' असेल तर ती पोटावरून केली, 'टी.व्ही.एस.' असेल तर आतून, म्हणजे योनीमार्गातून. आतून केलेली तपासणी जवळून पाहते आणि पुष्कळ अधिक सांगते. अविवाहित मुलींची तपासणी आपल्याकडे बहुधा पोटावरूनच होते. त्यात गैर काही नाही. पण तो 'नॉर्मल' तेवढ्याच वजनाचा समजावा. गरज पडली तर गुदमार्गाने सोनोग्राफी किंवा एम.आर.आय. हे पर्याय असतात. आयांनी संकोच न धरता ते विचारावेत.

पाहणाऱ्या डोळ्याचाही फरक पडतो. २०१६ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने या दुखण्यासाठी सोनोग्राफी कशी करावी याची रीत ठरवून दिली. नुसते पिशवी व बीजकोश मोजून थांबावयाचे नाही. यंत्राने हलकेच दाबून पिशवी मागच्या आतड्यावर सुटी घसरते की चिकटून बसली आहे हे पाहावयाचे, बीजकोश हलतो का, दाबल्यावर कोठे दुखते, हेही पाहावयाचे. घाईच्या नेहमीच्या तपासणीत एवढे होतेच असे नाही. म्हणून एका ठिकाणी 'नॉर्मल' व दुसरीकडे 'चिकटलेले' असे दोन रिपोर्ट आले, तर दोघांतला एक खोटा असे समजू नका. एकाने शोधले, दुसऱ्याने शोधले नसेल.

याच्या उलट टोकाला आहे 'चॉकलेट सिस्ट'. नाव खाऊचे, पण आत असते बीजकोशात साठलेले जुने, गडद रक्त. अमेरिकेचे डॉ. जॉन सॅम्पसन यांनी १९२१ साली या गाठींचे वर्णन केले. सोनोग्राफीत ती धुरकट काचेसारखी दिसते, आणि रिपोर्टात तसेच शब्द असतात. मात्र बीज सुटल्यानंतर बीजकोशात कधी साधा रक्तस्राव होऊन तशीच दिसणारी गाठ होते आणि आपोआप जिरते. म्हणून डॉक्टर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा या म्हणतात, ते टाळाटाळ करतात म्हणून नव्हे. जिरली तर ती साधी होती. राहिली तर विचार करावयाचा.

आकड्यांचे वेड मात्र लावून घेऊ नये. मागच्या वेळी ३.२ सेंटिमीटर, या वेळी ३.६, लगेच "गाठ वाढली" म्हणून रडारड! माप घेणारा हात बदलला, पाळीचा दिवस बदलला, गाठ थोडी तिरपी मोजली गेली, तरी एवढा फरक पडतो. आणि ऑपरेशनची घाई करण्यापूर्वी हे विचारावे की, गाठ काढताना बीजकोशातली किती बीजे जातील? कारण काही प्रमाणात ती जातात. पुढे मूल हवे असलेल्या मुलीच्या दृष्टीने हा प्रश्न लहान नाही.

'स्टेज चार' या शब्दाने तर कॅन्सरच झाला असे घरच्यांना वाटते. तसे अजिबात नाही. ऑपरेशनच्या वेळी काय दिसले त्याला गुण देऊन पायऱ्या पाडलेल्या आहेत, इतकेच. पहिल्या पायरीची बाई पाळीत जमिनीवर गडबडा लोळते आणि चौथ्या पायरीच्या बाईला मूल का राहत नाही याची तपासणी करीपर्यंत काही पत्ताही नसतो, असे होते. पायरीवरून दुखणे मोजता येत नाही. 'पिशवीला सूज' हेही असेच. दोन-तीन बाळंतपणांनंतर पिशवी थोडी मोठी असणारच. पण पाळीत फार रक्त जात असेल व दुखत असेल, तर अस्तराची जात पिशवीच्या स्नायूत शिरली आहे का, हे विचारावे. त्याला ॲडिनोमायोसिस म्हणतात, आणि पुष्कळदा ते एन्डोमेट्रिऑसिसच्या जोडीने असते. 'डग्लस' नावाच्या जागी थोडे पाणी आहे, हे वाचून कोणी घाबरू नये. ती पिशवीमागची खोलगट जागा, जेम्स डग्लस या स्कॉटिश वैद्याच्या नावाची. बीज सुटण्याच्या सुमारास तेथे थोडे पाणी असतेच. सी.ए.१२५ ही रक्ततपासणी वाढलेली आली तरी तिच्यावरून निदान होत नाही. साध्या पाळीतही ती वाढते.

थांबू नये अशाही गोष्टी आहेत. एकाएकी भयंकर कळ येऊन उलट्या झाल्या, पाळी गेल्यानंतरच्या वयात गाठ निघाली, गाठीत घट्ट भाग व त्यात रक्ताचा प्रवाह आहे असे लिहिले असेल, तर महिने मोजावयाचे नाहीत. मूत्रपिंड फुगल्याचे लिहिले असेल तेव्हाही तसेच. हे दुखणे खोल गेले तर मूत्रनळीला दाबते, आणि मूत्रपिंड बिघडत असता दुखतच असेल असे नाही. म्हणून पिशवीबरोबर मूत्रपिंडेही पाहून घेण्यास सांगावे.

आता रिपोर्टातली शेवटची ओळ. तेथे इंग्रजीत छापलेले असते, 'क्लिनिकल कोरिलेशन' सुचविले आहे. आपण ती शिक्क्यासारखी समजून सोडून देतो. तिचा अर्थ असा की, मी चित्र पाहिले. आता या बाईला काय होते ते तिला विचारा आणि दोन्ही जुळवून पाहा. म्हणजे कागदाचा उरलेला अर्धा भाग आपण लिहावयाचा आहे! तो लिहून न्यावा. कोणत्या तारखेला पाळी आली, कोणत्या दिवशी कोठे दुखले, शौचाला किंवा लघवीला दुखले का, किती गोळ्या घेतल्या, कोणते काम बुडाले. तीन महिन्यांची अशी टिपणे वहीच्या दोन पानांत मावतात. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनाही "डाव्या बाजूला, मागे दुखतं" असे आधी सांगावे, म्हणजे ते तेथे थांबून पाहतात.

जुने रिपोर्ट टाकून देऊ नयेत. आधीचा कागद समोर असला तरच नवा कागद काही सांगतो. सोनोग्राफीचे गुळगुळीत कागदावरचे फोटो काही वर्षांत फिके पडतात; मुलाकडून किंवा सुनेकडून मोबाईलमध्ये त्यांचे छायाचित्र काढून घ्यावे, आणि तपासणीची तारीख व त्या दिवशी पाळीचा कितवा दिवस होता, हे प्रत्येक रिपोर्टाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवावे.