एक दिवस, दोन देश

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा गिनी-बिसाऊ आणि अटलांटिक महासागरातली केप व्हर्दे बेटं हे आज दोन वेगळे देश आहेत. पण २० जानेवारीला दोन्हीकडे राष्ट्रीय वीर दिन पाळला जातो आणि दोघांचा वीर एकच, अमिल्कार कब्राल. १९७३ साली याच दिवशी, शेजारच्या गिनी देशाची राजधानी कोनाक्री इथे, त्यांच्या घराजवळ त्यांची गोळ्या घालून हत्या झाली.

मी शेतीशास्त्राचा विद्यार्थी. त्यामुळे हा नेता मला फार जवळचा वाटतो. कब्राल लिस्बनमध्ये शिकलेले कृषितज्ज्ञ. पोर्तुगीज सरकारच्या नोकरीत असताना, १९५३ मध्ये, त्यांनी गिनी-बिसाऊतल्या शेतीची गावोगाव हिंडून गणना केली. भात किती, भुईमूग किती, याचे आकडे सरकारला हवे होते. कब्राल यांना मात्र त्या आकड्यांमागची माणसं भेटली. कोण काय पिकवतो, कुणाच्या घरात काय उरतं, हे त्यांना कळलं. पुढे लढा उभारताना हीच ओळख त्यांची शिदोरी ठरली.

१९५६ साली त्यांनी सहकाऱ्यांसह पक्ष काढला, पुढे त्याच्या नावातच गिनी आणि केप व्हर्दे एकत्र आले. १९५९ मध्ये बिसाऊच्या गोदीत संपकरी कामगारांवर गोळीबार झाला, अनेक जण मारले गेले आणि १९६३ पासून सशस्त्र लढा सुरू झाला. या लढ्याशी आपलंही नातं आहे. १९६१ च्या एप्रिलमध्ये कासाब्लांका इथे पोर्तुगीज वसाहतींतल्या चळवळी एकत्र आल्या, तेव्हा गोव्याचे प्रतिनिधीही तिथे होते. त्याच डिसेंबरात गोवा मुक्त झाला. कब्राल यांच्या माणसांना आणखी बारा-तेरा वर्षं झुंजावं लागलं.

मारेकरी त्यांच्याच पक्षातले निघाले. त्यामागे पोर्तुगालचा हात किती, यावर आजही वाद आहे. पण लढा थांबला नाही. आठच महिन्यांनी, २४ सप्टेंबर १९७३ रोजी, गिनी-बिसाऊनं स्वातंत्र्य जाहीर केलं. ५ जुलै १९७५ ला केप व्हर्दे स्वतंत्र झालं. ते पाहायला कब्राल नव्हते.

दोन्ही देश एक व्हावेत, हे त्यांचं स्वप्न मात्र टिकलं नाही. १९८० मध्ये बिसाऊत लष्करी उठाव झाला, कब्राल यांचे सावत्र भाऊ असलेले राष्ट्राध्यक्ष लुईस कब्राल पदच्युत झाले आणि दोन्ही देशांची वाट वेगळी झाली. पक्षही दुभंगला.

तरी तो दिवस कुणीच सोडला नाही. मला यातच स्मृतिदिनाचा खरा अर्थ दिसतो. पुतळ्याला हार घालणं सोपं असतं. ज्याला आपल्याच माणसांनी मारलं आणि ज्याचं स्वप्न आपल्याच हातून मोडलं, त्याच्यासमोर दरवर्षी उभं राहणं अवघड. हे दोन देश निदान त्या एका दिवशी तरी एकत्र उभे राहतात.