भुताला गाव लागतं
(भिवंडी येथील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘चित्रपटमालिकेतला पुढचा भाग कसा तोलावा?’ विषय कार्यकर्त्यांचा, उदाहरण माझं. २०२५च्या दिवाळीत आलेला ‘थामा’ मी घेतलाय. वेताळांच्या जमातीतली ताडका आणि शहरातला पत्रकार आलोक यांची ही प्रेमकथा. रश्मिका मंदाना आणि आयुष्मान खुराना. दिग्दर्शक आपले आदित्य सरपोतदार. ‘स्त्री’, ‘भेडिया’, ‘मुंज्या’, ‘स्त्री २’ आणि आता त्याच मालिकेतला हा पाचवा. आधीच्या चारांच्या गोष्टी सांगत बसत नाही. तुम्ही पाहिले असतील, नसतील तर नातवंडांनी जेवताना साग्रसंगीत सांगितले असतील. (हशा)

पुढचा भाग आला की पहिला प्रश्न ठरलेला: आधीच्यापेक्षा बरा की वाईट? मग कमाई किती? मग आता पुढे कोण येणार? या प्रश्नांनी माझं समाधान होत नाही. मला एवढंच विचारायचं असतं, की या भुताचं गाव कोणतं?

हसू नका, मनापासून बोलतोय. भूत कुठल्या झाडावर राहतं, कोणत्या वेळेला बाहेर पडतं, कशाला भितं आणि काय मागतं, हे त्याचं गाव ठरवतं. मुंजा घ्या. मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, पिंपळावर जाऊन बसला. एवढं कळलं की त्याचं वय कळतं, घर कळतं, काय राहून गेलं तेही कळतं. त्याला लग्न हवंय. २०२४च्या ‘मुंज्या’त सरपोतदारांनी हे सगळं नीट सांभाळलं. कोकणातल्या एका पोराचा जीव त्याच्याहून मोठ्या मुलीवर जडला, तो तसाच मेला आणि त्याचा हट्ट पुढच्या पिढ्यांच्या मानगुटीवर बसला. आणि घरात आजी होऊन बसलेली बाई कोण, तर त्याच भुताची बहीण! सुहास जोशींनी केली आहे ती आजी. भूत परकं नाही, नात्यातलं आहे. म्हणून भीतीही वाटते आणि जरा कीवही येते. मोठे नट नव्हते, तरी त्या सिनेमानं शंभर कोटींचा पल्ला ओलांडला.

त्याआधी २०२२ मध्ये याच माणसानं ‘झोंबिवली’ केला. माणकोलीचा पूल ओलांडला की डोंबिवली. तिथे झोंबी आणायला कुणी कचरलं असतं. यांनी ते दूषित पाण्यातून आणले, सोसायटीचा टॉवर आणि शेजारची वस्ती समोरासमोर उभी केली. ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला नळाच्या पाण्याची भीती समजावून सांगावी लागत नाही. (हशा, टाळ्या) टाळ्या पाण्याला आहेत की मला, ते नंतर बघू.

आता ‘थामा’. जंगलात सापडलेला माणूस, त्याला वाचवणारी वेताळकन्या, तिच्या जमातीचा विरोध. मरणाच्या दारातल्या आलोकला ती चावते आणि आपल्यातला करून घेते. त्यासाठी तिला जमातीचा नियम मोडावा लागतो. तिथे सिनेमा उभा राहतो. प्रेमाची किंमत समोर दिसते. आता हे दोघं काय करतील, म्हणून आपण पुढे सरसावून बसतो. आणि तेवढ्यात दुसऱ्या सिनेमातला, ‘भेडिया’तला लांडगा येतो आणि मारामारी सुरू होते. ‘मुंज्या’तही तो आला होता. पण तिथे पाहुणा जेवणं आटोपल्यावर आला, इथे पंगत अर्धी असताना पाटावर येऊन बसलाय.

मागून कुणीतरी म्हणतंय, ‘सर, ते युनिव्हर्स आहे!’ बरोबर आहे तुमचं, हे सगळे सिनेमे एकाच जगातले. पण माझा विरोध युनिव्हर्सला आहे असं कृपा करून समजू नका. आपल्याकडे त्याहून जुनं युनिव्हर्स आहे. वेताळपंचविशी! काश्मीरच्या सोमदेवानं अकराव्या शतकात ‘कथासरित्सागरा’त ती घेतली, आणि १९८५मध्ये दूरदर्शनवर रामानंद सागरांनी दाखवली तेव्हा आपण सगळे डोळे फाडून पाहत होतो. राजा प्रेत खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगतो, राजा बोलतो, वेताळ परत झाडावर. मालिका कधी तुटत नाही. पण बहुतेक गोष्टींच्या तोंडाशीच एखाद्या नगराचं नाव येतं, तिथला राजा येतो, आणि त्या गोष्टीचा पेच त्याच गोष्टीत सोडवावा लागतो. उद्याच्या भागावर ढकलायची वेताळाला मुभाच नाही.

वेताळाचा विषय निघालाच आहे तर आरवलीला जाऊन येऊ. वेंगुर्ल्याजवळचं आरवली, जयवंत दळवींचं. तिथे वेतोबा उभा आहे, माणसाहून मोठी मूर्ती. त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या वहाणा. तुमच्या-माझ्या पायात येणारच नाहीत एवढ्या मोठ्या, जाड तळाच्या. देव रात्री त्या घालून गावाची राखण करत फिरतो अशी श्रद्धा आहे, आणि वहाणांचे तळ झिजतात असं तिथले लोक सांगतात. झिजल्या की नवा जोड. मी तिथे उभा राहून एका जुन्या वहाणेचा तळ पाहिला. अंगठ्याखाली आणि टाचेला कातडं वेगळं दिसत होतं. तुम्ही श्रद्धाळू असा नसा, त्या तळाकडे पाहिल्यावर गावात रात्री कोण जागं असतं हा प्रश्न मनात येतोच. गोव्यात आमोण्यालाही बेताळाचं देऊळ आहे. ज्याला सगळीकडे भूत म्हणतात, त्याला कोकण-गोव्यानं पहारेकरी केलं. ‘थामा’तही वेताळांचा उगम देवीशी जोडलाय, त्यांना राखणदार म्हटलंय. पण कोणत्या शिवेचे राखणदार? कुणाच्या दाराचे? सरपोतदारांसारख्या माणसाकडून हे सुटावं याचं मला वाईट वाटतं. परक्या माणसाकडून सुटलं असतं तर मी इथे बोलायलाही आलो नसतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. ‘नगिना’ आणि त्याचा पुढचा भाग ‘निगाहें’ यांवर बोलायचं होतं, श्रीदेवीवर बोलायचं होतं. ते राहिलं. (‘बोला, बोला!’) नाही, मागचे दिवे घालवायला शिपाईदादा उभे आहेत, त्यांचीही शेवटची रिक्षा चुकायला नको.

निकाल सांगतो. ‘मुंज्या’ वर, ‘थामा’ खाली. ताडका आणि आलोकची प्रेमकथा खरी आहे, तिला पोटभर जागा मिळायला हवी होती. पाचवा भाग सहाव्याची जाहिरात करायला लागला की पाचव्याचं तिकीट काढणाऱ्याची फसवणूक होते.

आणि एक विनंती. भिवंडी हे गाव सोडून आलेल्यांचं गाव आहे. मागावर रात्रपाळी करणारा तेलंगणातून आला, त्याच्याबरोबर दय्यम आलं. उत्तर प्रदेशातून आला, त्याच्याबरोबर चुडैल आली. इथल्या आगरी पाड्यांतून हडळ आधीपासून आहेच, कोकणी मुसलमान घरांतल्या आजींकडे आणखी वेगळ्या गोष्टी आहेत. हे कुणी लिहून ठेवलेलं माझ्या पाहण्यात नाही. बाहेर पुस्तकांच्या टेबलावर कार्यकर्त्यांनी एक कोरी वही ठेवली आहे. जाताना तीन गोष्टी लिहा: गावाचं नाव, भुताचं नाव आणि ते काय मागतं. मराठीत लिहा, तेलुगूत लिहा, उर्दूत लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं शेजाऱ्यानं लिहून घ्यावं.