पाच शिवराया, एकच खाच

मागच्या वेळी आपण गटाच्या हिशेबवहीबद्दल बोललो होतो. आज जुन्या नाण्यांबद्दल बोलणार आहे. म्हणाल, ही बाई कुठे वळली? पण हा विषय वहीतूनच माझ्यापुढे आला.

कडाव बाजूच्या एका गटातल्या ताईंनी 5,000 रुपये अंतर्गत कर्ज घेतलं. कारण लिहिलं, मुलाचं शिक्षण. मुलगा कॉलेजात, नाणी जमवायचा नाद. खोपोली लोकलमध्ये एक माणूस भेटला, म्हणाला, रायगडाच्या पायथ्याशी नांगरताना शिवराया निघाल्यात. पाच शिवराया, साडेचार हजार. मुलाला वाटलं, दोन विकून फी भरू, तीन ठेवू. ताईंनाही वाटलं, आपल्याच जिल्ह्यातला रायगड, त्यात खोटं काय असणार?

मी त्या शिवराया कर्जतच्या एका सोनाराकडे नेल्या. त्यांनी पाचही ओळीने ठेवल्या आणि नुसतं बोट दाखवलं. पाचही नाण्यांच्या कडेला एकाच जागी, एकसारखी खाच!

शिवराई 1674 साली राज्याभिषेकाच्या सुमारास सुरू झाली. तांब्याची, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. तांब्याचा तुकडा दोन ठशांमध्ये धरून वर हातोडा हाणायचा, अशी ती पाडत. ठसा सरकायचा, अक्षर अर्धं कडेबाहेर जायचं. वापरताना पडलेली खाच तर ज्याची त्याची. खोटी नाणी मात्र बरेचदा एकाच खऱ्या नाण्याचा साचा करून ओततात. मग मूळ नाण्याची खाच सगळ्यांवर उतरते. अंगावर बारीक खड्डे दिसतात, अक्षरं मेणासारखी बोथट, कडेवर कानस मारल्याच्या खुणा. आणखी एक सांगते. पेशवाईतही शिवराया पुष्कळ पाडल्या गेल्या, त्या आजही मिळतात. शिवराई दिसली की लाख रुपये, असं नसतं.

नांगराची गोष्ट खरी असती तरी अडचणच होती. जमिनीत 10 रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ऐवज सापडला तर कलेक्टरांना कळवावं लागतं, असा 1878 पासूनचा कायदा आहे. म्हणजे विकणारा खोटं बोलत असेल तर पैसे गेले, खरं बोलत असेल तर भानगड गळ्यात.

आता आपल्या घरातलं. लक्ष्मीपूजनाला काढतो ते राणी छाप, राजा छाप रुपये. त्यांचं वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा. आजी 'रुपयाभार' म्हणायची ते हेच. झिजलेला रुपया थोडा हलका भरेल, पण ग्रॅम-दीड ग्रॅमचा फरक आला तर शंका घ्या. कड दातेरी हवी. चांदी चुंबकाला चिकटत नाही. मात्र 1947 चा रुपया चिकटला म्हणून फेकू नका हं, तो निकेलचाच आहे.

काट्यालाही फसवणारा एक प्रकार आहे. सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया फार दुर्मीळ, म्हणून 1938 च्या रुपयावरचा 8 कोरून 9 करतात. वजन खरं, चांदी खरी, खोटा फक्त एक आकडा. तो भिंगाखालीच कळतो. ईस्ट इंडिया कंपनीचं 1818 चं म्हणून रामदरबाराचं नाणं दाखवतात, तसलं नाणं तर कंपनीने काढलंच नव्हतं. देवाचं चित्र आहे म्हणून आपण हात जोडतो आणि तिथेच फसतो.

मोबाईलवर उलटा प्रकार चालतो. 'ट्रॅक्टरची पाचाची नोट द्या, लाखो घ्या', मग आधी कर भरा, कमिशन भरा. 4 ऑगस्ट 2021 ला रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून सांगितलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारात बँक पडत नाही, कमिशन मागत नाही, आणि तसा अधिकारही तिने कोणाला दिलेला नाही. तरी आमच्या एका वहिनींनी 1,200 रुपये भरले. का, तर पावतीवर बँकेचा शिक्का होता.

मला त्या मुलाचं जास्त वाईट वाटतं. त्याने छंदच सोडला. कोणी खरी शिवराई दाखवली तरी तो हात लावत नाही. त्याला म्हटलं, मुंबईला फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे, खरी नाणी आधी डोळे भरून बघ, विकत घेणं नंतर. अजून गेलेला नाही.

ताईंचे तीन हप्ते राहिलेत. कारणाच्या रकान्यात त्यांनी स्वतःच 'मुलाचं शिक्षण' खोडून 'नाणी' लिहिलं. पुढच्या बैठकीला त्यांच्या सासूबाई पेटीतले राणी छाप रुपये घेऊन येणार आहेत. चिंच लावून घासू नका, जुनी झळाळी गेली की जाणकार किंमत कमी करतात, असं बजावून ठेवलंय. काटा मी नेणार आहे. भिंग कोणाकडे असेल तर आणा.