चार मिनिटांचे काम



कामगार चळवळीतला माणूस गाण्यांच्या चित्रफितींवर, म्हणजे म्युझिक व्हिडिओंवर, काय बोलणार, अशी शंका आपणांस आली असेल. आम्हांलाही आली होती. पण दोन वर्षांपूर्वी संकलनाचे काम करणारा एक तरुण थकलेल्या मजुरीची तक्रार घेऊन आमच्याकडे आला. तीन रात्री जागून त्याने एक गाणे जुळवले होते, निर्माता म्हणे, "चार मिनिटांच्या कामाचे इतके पैसे कसले?" त्या चार मिनिटांत असते तरी काय, हे पाहायला आम्ही त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसलो.

येथे आवाज आधी तयार असतो, चित्र मागाहून. चित्रीकरणाच्या जागी मुद्रित गाणे वाजवतात आणि गायिका त्यावर ओठ हलवते. आपल्या बोलपटांतील पार्श्वगायनाचीच ही रीत. तेच गाणे निरनिराळ्या जागी, निरनिराळ्या पोशाखांत टिपतात. मग संकलक सारे तुकडे त्या एकाच आवाजाशी जुळवून ठेक्यावर कापतो. पहिल्या ओळीला गायिका समुद्रकाठी, दुसरीला गच्चीवर. तरी आपण गोंधळत नाही, कारण गाणे तुटलेले नसते.

मात्र प्रत्येक समेवर कापले तर सारे यंत्रमागासारखे खटखटते. हा तरुण कधी सम येण्याच्या किंचित आधी कापी, कधी सम तशीच जाऊ देई. आम्ही विचारले, "इथे का नाही कापलेस?" तर म्हणाला, "काका, तिच्या डोळ्यांत आत्ता कुठे काही तरी आलंय."

मिशेल गाँद्री या फ्रेंच दिग्दर्शकाने 2002 साली केलेल्या 'स्टार गिटार'मध्ये आगगाडीच्या खिडकीतून खांब, पूल, इमारती नेमक्या ठेक्यावर येतात. वाटतो एकच सलग प्रवास. आहेत जोडलेले तुकडे. असली जोडणी जितकी चांगली, तितकी ती करणारा दिसत नाही, आणि मजुरीच्या वेळी हेच नडते!

अमेरिकेत एमटीव्ही ही वाहिनी 1 ऑगस्ट 1981 रोजी सुरू झाली. गाण्याखालच्या पट्टीत गायक, गाणे, तबकडी व कंपनी यांची नावे येत; दिग्दर्शकाचे नाव येण्यास 1992 साल उजाडले. संकलकाला तेव्हाही जागा मिळाली नाही.

आम्ही त्या निर्मात्याला आमच्याच स्टुलावर आणून बसवले. तासाभराने तो एवढेच म्हणाला, "एवढे तुकडे?" निम्मे पैसे त्याच संध्याकाळी मिळाले. उरलेल्यांसाठी आमच्या खेपा चालू आहेत.