आधी रस्ता, मग कारखाने

पुण्याहून निघालेला जुना मुंबई रस्ता बोपोडीजवळ हॅरिस पुलावरून मुळा ओलांडतो आणि दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडी करत देहूरोड गाठतो. हा रस्ता कारखान्यांमुळे आला असं अनेकांना वाटतं. पण बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला १८३० साली, आणि पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली १९५४ मध्ये. मग मधली शंभरावर वर्षं कारखाने का आले नाहीत, असं कुणी विचारेल. नुसत्या रस्त्यावर कारखाना उभा राहत नाही. आखीव भूखंड आणि पाणीही लागतं. ती घडी बसवायला १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. श्रेय शेजारून धावणाऱ्या रेल्वेचंही आहेच. तरी फाटकातून निघालेला ट्रक थेट मुंबईच्या वाटेला लागतो, तो याच रस्त्यामुळे. वाढत्या वाहतुकीने रस्ता रुंद झाला खरा. पण कारखान्यांची जागा ठरवण्यात त्याचा वाटा मोठा आहे.