पहिली ओळ कोण ठरवतं?

आज मी कुंभकोणमजवळच्या साक्कोट्टै गावातून बोलतोय. विषय आहे सर्च इंजिनांची बाजारपेठेसाठीची लढाई.

तमिळनाडूत साक्कोट्टै दोन आहेत. एक हे, दुसरं शिवगंगा जिल्ह्यात, कारैक्कुडीजवळ. तुम्ही नुसतं ‘साक्कोट्टै’ टाकलंत, तर सर्च इंजिनाने कोणतं दाखवायचं? आधीच्या लोकांनी कशावर बोट ठेवलं, यावरूनही ते शिकतं. म्हणजे ज्याच्याकडे गिऱ्हाईक जास्त, त्याचं उत्तर नेमकं. आणि उत्तर नेमकं म्हणून गिऱ्हाईक आणखी जास्त. क्वचित विचारल्या जाणाऱ्या गोष्टींत नवख्या इंजिनाची इथेच दमछाक होते.

पण गिऱ्हाईक नुसतं चांगल्या मालावर येत नाही. फोन हातात येतो तेव्हा त्यात एक इंजिन आधीच बसवलेलं असतं आणि बहुतेक जण ते बदलत नाहीत. त्या जागेची किंमत ऐका. अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं की गूगलने २०२१ या एका वर्षात त्यासाठी २६.३ अब्ज डॉलर मोजले. न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी निकाल दिला, की गूगलने मक्तेदारी बेकायदा टिकवली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी ‘फक्त आमचंच’ अशा करारांना मनाई केली, शोधाची काही माहिती प्रतिस्पर्ध्यांना द्यायला सांगितली. पैसे मोजणं मात्र थांबवलं नाही.

आपल्याकडे प्रयत्नच झाले नाहीत असं नाही. मुंबईच्या राजेश जैन यांच्या ‘इंडियावर्ल्ड’मध्ये ‘खोज’ होतं. १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने हा व्यवसाय ४९९ कोटी रुपयांना घेण्याचा करार केला. आज ‘खोज’ किती जणांना आठवतं?

भारताच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणी गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये गूगलने भारतीयांना सर्च इंजिन निवडण्याची मुभा जाहीर केली.

ती मुभा वापरून पाहा. आपल्या गावाचं नाव मराठीत लिहा, दोन-तीन इंजिनांत शोधा, पहिली ओळ ताडून बघा. गूगलच बरं वाटलं तर खुशाल ठेवा. पण ते तुम्ही निवडलेलं असू द्या, कुणी पैसे मोजून तुमच्या खिशात ठेवलेलं नको.