गावची मालमत्ता आणि पडद्यावरचा हर्रास



वसंत व्याख्यानमालेत आपण काव्य ऐकता, इतिहास ऐकता. आम्ही पडलो कामगार चळवळीतली माणसे. आमचा विषयही तसाच रुक्ष असणार. नगरपरिषद, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्याजवळ जुनी झालेली किंवा जास्तीची ठरलेली मालमत्ता असते. ती आता बव्हंशी संगणकाच्या पडद्यावर लिलावाने विकली जाते. या विक्रीचे नियम कोणते, आणि त्यांत गावाची जागा कोणती, एवढाच आजचा प्रश्न आहे.

लिलाव हा शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आला. आपल्या वऱ्हाडात हर्रास म्हणतात. तो उर्दूच्या वाटेने आला. शब्द दोन्ही परके, पण व्यवहार आपल्या अंगवळणी पडलेला. फलकावर नोटीस लागे, दवंडी फिरे, कचेरीच्या अंगणात माणसे जमत आणि ‘एक वार, दोन वार, तीन वार’ झाले की माल घेणाऱ्याचा होई. या अंगणातल्या हर्रासाचा एक गुण होता: तो सर्वांना दिसे. आणि एक मोठा दोष होता. चार व्यापारी आधी चहाच्या टपरीवर बसत, बोली एकानेच करायची असे ठरवत आणि माल स्वस्तात उचलत. मग संध्याकाळी आपसात दुसरा हर्रास करत. सकाळच्या आणि संध्याकाळच्या किमतीत जो फरक पडे, तो गावाच्या खिशातून गेलेला असे.

हा दोष घालवायला पडद्यावरचा लिलाव आला. त्याची रीत थोडक्यात सांगतो. लिलाव घेण्याचे काम बहुधा एखाद्या मध्यस्थ संस्थेच्या संकेतस्थळावर होते. केंद्र सरकारची एम.एस.टी.सी. ही कोलकात्याची कंपनी त्यांतली जुनी. ती 1964 मध्ये भंगाराच्या व्यापारासाठी निघाली. बोली करणाराने आधी नाव नोंदवायचे, अनामत भरायची, ठरल्या दिवसांत माल प्रत्यक्ष पाहून घ्यायचा. माल ‘जसा आहे तसा, जेथे आहे तेथे’ घ्यावा लागतो. मागाहून तक्रार चालत नाही. ठरल्या वेळी बोली सुरू होते. कोणी बोली केली ते इतरांना कळत नाही, किती केली ते मात्र कळते. अगदी शेवटच्या मिनिटांत बोली आली तर वेळ आपोआप वाढते, म्हणजे घड्याळाकडे डोळा ठेवून कोणी माल लाटू शकत नाही. ही सुधारणा खरी आहे, आणि आम्ही तिला नावे ठेवणार नाही. नागपूरचा किंवा इंदूरचा माणूस घरबसल्या बोली करतो, तेव्हा टपरीवरच्या चौघांचे संगनमत सहज टिकत नाही.

परंतु पडदा आला म्हणून कायदा बदलला नाही. 1930 च्या मालविक्री कायद्याचे 64 वे कलम लिलावाविषयी आहे. मालाचे गट पाडून विक्री केली तर प्रत्येक गट हा स्वतंत्र करार समजावा. हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते. आणि किंमत फुगवण्यासाठी विकणाराने खोटी बोली लावली तर खरेदीदाराला व्यवहार मोडता येतो, असे त्यात सांगितले आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चा. त्यात पुढे घातलेल्या 10-अ कलमाने संगणकावर झालेला करार केवळ त्या कारणाने रद्दबातल ठरत नाही असे स्पष्ट केले. बोली करणारांचे संगनमत 2002 च्या स्पर्धा कायद्याने निषिद्ध आहे, मग ते टपरीवर होवो की दूरध्वनीवर. हातोड्याची जागा बदलली, कायद्याची नव्हे.

आता विकणारा कोण ते पाहू. आपण आपली सायकल शेजाऱ्याला पाच रुपयांत द्यावी, कोणी विचारणार नाही. नगरपरिषदेला तसे करता येत नाही, कारण ती मालक असली तरी विश्वस्त आहे. 1985 मध्ये राम अँड श्याम कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद दाखवला: खाजगी मालक आपली वस्तू कवडीमोलाने देऊ शकेल, सार्वजनिक मालमत्तेचा रखवालदार नाही. त्याआधी 1979 मध्ये मुंबईच्या विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेचा खटला झाला. त्यात, सरकारी संस्थेने स्वतः जाहीर केलेली अट स्वतःच मोडू नये, हे तत्त्व घालून दिले गेले.

जमिनी आणि इमारती यांच्यासाठी तर कुंपण अधिक उंच आहे. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम 1965 चा. त्याच्या 92 व्या कलमाने स्थावर मालमत्तेच्या हस्तांतराला राज्य शासनाची मंजुरी आणि एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश बहुमताचा ठराव अशा अटी घातल्या. हजर सदस्यांच्या नव्हे, एकूण सदस्यांच्या! महानगरपालिकांच्या कायद्याचे 79 वे कलम म्हणते की स्थावराचा मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी असता कामा नये. गावची जागा एका बैठकीत, चार माणसांच्या डोकेहलवणीने जाऊ नये, हा या अटींचा हेतू.

जंगम मालाचे कुंपण मात्र ठेंगणे असते, आणि खरी गळती तेथेच होते. पाण्याचे टँकर, कचऱ्याच्या गाड्या, मोटारपंप, नळाचे पाइप, शाळेची बाके, संगणक यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. केंद्र सरकारच्या खात्यांसाठी 2017 चे सर्वसाधारण वित्तीय नियम आहेत. ते नगरपरिषदेला थेट बांधत नाहीत, पण नमुना म्हणून वाचण्याजोगे आहेत. वस्तू जास्तीची किंवा निकामी का ठरवली याची कारणे लिहून ठेवावीत; उरलेली किंमत दोन लाखांवर असेल तर जाहीर निविदा किंवा जाहीर लिलाव करावा; लिलाव घेणाऱ्या मंडळीत हिशेबखात्याचा अधिकारी असावा; बोली जिंकणाराने किमान चौथा हिस्सा तेथल्या तेथे भरावा; आणि पूर्ण पैसे आल्याशिवाय माल दारातून हलू नये. कोणाही शहाण्या कुटुंबप्रमुखाला सुचतील असेच हे नियम आहेत.

वाहनांविषयी एक नवा नियम आपण सर्वांनी ध्यानात ठेवावा. 1 एप्रिल 2023 पासून केंद्र, राज्य, महानगरपालिका, नगरपालिका, पंचायती, परिवहन महामंडळे यांच्या वाहनांची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेसाठीची विशेष वाहने तेवढी वगळली आहेत. असे वाहन पुन्हा रस्त्यावर चालवण्यासाठी विकायचे नाही; ते नोंदणीकृत मोडणी केंद्रातच जायचे. नियमाचा हेतू धूर आणि अपघात कमी करण्याचा आहे, तो आम्हांला मान्य आहे. पण लहान गावाच्या नगरपरिषदेवर त्याचा भार कसा पडतो ते पाहा. जुना टँकर कागदावर मेला. भंगाराच्या भावाने नवा टँकर येत नाही. मग ‘भाड्याने घेऊ’ असा ठराव होतो. टँकर ठेकेदाराचा, चालक ठेकेदाराचा, आणि काल ज्याला नगरपरिषदेचे वेतन होते त्याच्या पोराला त्याच गाडीवर रोजंदारी! लिलावाच्या यादीत एक ओळ असते, ‘वाहन, निकामी, नग एक’. त्या ओळीमागे एक नोकरी असते, आणि उन्हाळ्यात एका वस्तीचे पाणी असते.

म्हणून आमचे म्हणणे असे की खरा लिलाव पडद्यावर होत नाही, यादी तयार होते तेव्हा होतो. ‘जास्तीचे’ हा शब्द कोणी उच्चारला, तोच आमच्या मते पहिला आणि मोठा प्रश्न. पडदा फक्त पुढची किंमत प्रामाणिकपणे लावील. विकायचेच नव्हते ते विकले, ही चूक पडदा कधीही दाखवणार नाही.

दुसरा प्रश्न गटांचा. समजा, यादीत एक ट्रक, वीस क्विंटल लोखंडी पाइप आणि शंभर बाके आहेत. या सर्वांचा एकच गट केला तर अनामत मोठी, आणि बोली करणारे दोन-तीन बडे व्यापारी. तीन गट केले तर पाइप गावचा लोहार किंवा शेतकरी घेईल, बाके एखादी शिकवणी किंवा सुतार घेईल, ट्रक मोडणी केंद्राकडे जाईल. माल तोच, पडदा तोच. फक्त गट पाडण्याने गावाचे पैसे वाढतात आणि गावचा माणूस लिलावात येतो. एवढे ठरवायला कोणत्याही यंत्राची गरज नाही.

तिसरा प्रश्न खबरीचा. पूर्वी दवंडी कानावर पडे. आता नोटीस संकेतस्थळावर असते, आणि ते संकेतस्थळ भंगारवाल्या बड्या पेढ्या रोज उघडतात, पातूरचा लोहार उघडत नाही. तेव्हा यादी, पाहणीचे दिवस, किमान किंमत आणि अनामत हे सारे मराठीत कचेरीच्या फलकावर लागलेच पाहिजे, आणि लहान खरेदीदाराला नाव नोंदवून देण्याची सोय आपले सरकार सेवा केंद्रात असली पाहिजे. लिलाव झाल्यावर कोणता गट कितीला गेला तेही त्याच फलकावर यावे. माहितीचा अधिकार कायदा 2005 चा. त्याचे 4 थे कलम, कोणी न विचारताही माहिती प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य सांगते. आपण ते कर्तव्य आठवण करून द्यावे.

चौथा प्रश्न पैशाचा. मालमत्ता विकून आलेला पैसा हा शेत विकून आलेल्या पैशासारखा. त्यातून बियाणे घ्यावे, बैल घ्यावा. दिवाळी करू नये. जुन्या गाडीचा पैसा नव्या गाडीच्या खात्यात जमा झाला की सभेच्या हारतुऱ्यांत गेला, हे अंदाजपत्रक वाचूनच कळेल.

कोणी म्हणेल, हे पाहणे लेखापरीक्षकाचे काम आहे. आहेच. पण लेखापरीक्षक येतो तो माल गेल्यावर. कामगार चळवळीत आम्ही हे पुष्कळदा पाहिले आहे. एक कारखाना बंद पडला तेव्हा यंत्रे भंगाराच्या दराने निघून गेली, आणि देणी मिळावी म्हणून दाराशी बसलेल्या कामगारांना रिकामी शेड तेवढी उरली. हिशेब मागाहून अगदी चोख निघाला. चोख हिशेबाने कोणाच्या घरी चूल पेटली नाही.

तेव्हा सभ्यहो, नगरपरिषदेच्या दारावर पुढची यादी लागेल तेव्हा आपल्यापैकी दोघांनी ती उभे राहून वाचावी. हे जास्तीचे कसे ठरले, गट असे का पाडले, किमान किंमत कशावरून काढली, आणि या गाडीचे काम उद्या कोण करणार, एवढे चार प्रश्न लेखी विचारावेत आणि पोच घ्यावी. त्याला वकील लागत नाही, संगणकही लागत नाही. गावाची वस्तू विकली जाताना गावाला ठाऊक असावे, यापलीकडे आम्हांला आज काही सांगायचे नव्हते.